सण एकाचा, अंगण सर्वांचे

मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाचे वर्षभराचे कार्यक्रमपत्रक हाती घ्यावे. पावसाळ्यात गणेशोत्सव, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची आणि १९ फेब्रुवारीला शिवरायांची जयंती, एप्रिलमध्ये ११ तारखेला जोतीरावांची व १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती. समारंभ कोणताही असो, आरंभी प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन बहुधा असतेच. ईद कधी सुट्टीत येते, कधी परीक्षेच्या धामधुमीत सापडते. नाताळ एका दिवसाच्या सुट्टीत निघून जातो. या पत्रकात गैर असे काही नाही. परंतु ते वाचताना मनात एक प्रश्न उभा राहतो. विद्येच्या ज्या अंगणात सर्व धर्मांची मुले येतात, तेथे सण कोणी आणि कसा साजरा करावा? त्या सणात ज्याचे मन रमत नाही, किंवा ज्याची श्रद्धा त्याला हात जोडू देत नाही, त्याने कोठे उभे राहावे?

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, आणि तेथे जाणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैनांची प्राचीन स्थाने आहेत. गावोगावी निळ्या झेंड्याखाली उभे राहिलेले बुद्धविहार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती. तीत हिंदूंच्या खालोखाल मुसलमान व बौद्ध, आणि ख्रिस्ती तर शेकड्याला एकही नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या कक्षेत हा जिल्हा येतो. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेव्हापासून शेतीचे शिक्षण घेण्यासाठी दूरदूरची मुले येथील वसतिगृहांत येऊन राहतात. त्यांत आपल्या एखाद्या धर्मग्रामातील मुलगा किंवा मुलगी असली, तर ती वर्गात बहुधा एकटीच ख्रिस्ती असते. प्रस्तुत विचार मुख्यतः तिच्यासाठी आहे. आणि तिच्याइतक्याच एकट्या पडणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत या कामासाठी माणूस नेमलेला असतो. त्याला चॅप्लेन म्हणतात. पूर्वी तो ख्रिस्ती धर्मगुरूच असे. आता अनेक विद्यापीठांत ख्रिस्ती, यहुदी, मुस्लिम, हिंदू, बौद्ध असे निरनिराळ्या धर्मांचे चॅप्लेन एकत्र काम करतात, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही कोणी तरी असतो. आपल्या देशात ही व्यवस्था महाविद्यालयांत सहसा आढळत नाही. ती सैन्यात आहे. सैन्यात धर्मशिक्षक म्हणून पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री यांची रीतसर भरती होते, आणि अनेक तुकड्यांत ‘सर्व धर्म स्थळ’ असते. ज्यांना मरणाच्या तोंडी जायचे आहे त्यांना देवाधर्माची सोबत लागते, हे सैन्याने ओळखले. ज्यांना जगायला शिकायचे आहे त्यांनाही ती लागते, हे मात्र आपल्या विद्यापीठांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

या शब्दाचा उगम आपण कॅथलिकांनी तरी विसरू नये. चौथ्या शतकातील मार्टिन हा रोमन सैन्यातील तरुण शिपाई. आमियां नगराच्या वेशीपाशी भर थंडीत एक उघडा भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. त्या रात्री स्वप्नात त्याला तो अर्धा झगा पांघरलेला प्रभू येशू दिसला, अशी कथा आहे. पुढे संत मार्टिनचा हा झगा फ्रँक राजांनी पूज्य ठेवा म्हणून जपला. झग्याला लॅटिन भाषेत ‘काप्पा’ म्हणत. त्यावरून तो सांभाळणारे ते ‘कापेल्लानी’, आणि त्यांच्यापासून पुढे ‘चॅप्लेन’ व ‘चॅपेल’ हे शब्द आले. या कथेतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. झगा कापला त्या दिवशी मार्टिनचा स्नानसंस्कार झालेला नव्हता. तो दीक्षार्थीच होता. आणि भिकाऱ्याचा धर्म कोणता, हे त्याने विचारले नाही. चॅप्लेनच्या कामाचा पाया असा आहे: थंडी ज्याला वाजते त्याच्याजवळ जावे, आपल्याजवळ आहे त्यातले अर्धे द्यावे आणि त्याचा धर्म विचारू नये.

आता महाविद्यालयाकडे वळू. तेथे सणांच्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर असे की, सर्वच सण साजरे करावेत. हे कानाला गोड लागते, पण व्यवहारात याचा हिशेब नेहमी संख्येच्या बाजूने झुकतो. ज्यांची मुले पुष्कळ, त्यांचा सण दहा दिवस. ज्यांचे एकच मूल, त्याच्या सणाला फलकावर एक ओळ. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, बहुसंख्यांचा विधी ‘संस्कृती’ या नावाने येतो आणि अल्पसंख्यांचा तेवढा ‘धर्म’ ठरतो. प्रतिमेला हार घालण्यास जो संकोचतो, त्याला ‘यात धर्माचे काय आहे?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो ती आपल्याला दिसत नाही, एवढेच. शिवाय सर्वांचे सर्व सण करायचे म्हटले की प्रत्येक सण पातळ होतो. नाताळ म्हणजे लाल टोपी आणि कापूस, ईद म्हणजे शीरखुर्मा, बुद्धपौर्णिमा म्हणजे खीर, एवढेच उरते. प्रभूच्या जन्माचे गूढ त्या टोपीत मावत नाही, आणि महिनाभराच्या रोजांची तपश्चर्या त्या वाटीत मावत नाही.

दुसरे उत्तर असे की, शिक्षणसंस्थेत कोणताच सण नको. धर्म ज्याने त्याने घरी ठेवावा. हे उत्तर न्यायाचे वाटते. परंतु वसतिगृहातील मुलाला घर कोठे असते? तीन-चार वर्षे त्याचे घर तीच खोली आणि तीच खानावळ. रमजानमध्ये पहाटे सहरीची सोय नसेल तर मुसलमान मुलाने उपाशी राहायचे का? कंदमुळे वर्ज्य असलेल्या जैन मुलीने चार वर्षे काय खायचे? शुभ शुक्रवारची सरकारी सुट्टी असते, पण आदल्या गुरुवारची नसते. त्या संध्याकाळच्या प्रभुभोजन विधीला जाऊ पाहणाऱ्या मुलाने दुसऱ्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा बुडवायची का? ‘धर्म घरी ठेवा’ असे म्हणणारा माणूस, ज्याच्या धर्माला कॅलेंडरने व खानावळीने आधीच जागा दिलेली आहे, अशांपैकीच बहुधा असतो.

आपली राज्यघटना या दोन्ही टोकांना जात नाही. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्मपालनाचे स्वातंत्र्य देतो. सर्वस्वी शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस हजर राहणे भाग पाडता येणार नाही, असेही तोच सांगतो. सण करू नका असे घटना म्हणत नाही. कोणाला ओढू नका, असे ती म्हणते. सारा भार ‘संमती’ या एका शब्दावर आहे.

या शब्दाची कसोटी लागली ती काही खटल्यांत. १९८६ साली केरळमधील तीन मुलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे ते म्हणत नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: उभे राहण्यात आदर आहे, आणि न म्हणण्याने अनादर होत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवण्यात आली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, हात जोडण्याची सक्ती करणे हे मूलभूत हक्कांचे उल्लंघन होईल.

तिसरे प्रकरण अलीकडचे आणि आपल्याला अधिक अस्वस्थ करणारे आहे. सैन्यातील एक ख्रिस्ती अधिकारी आपल्या शीख जवानांबरोबर रेजिमेंटच्या मंदिरात व गुरुद्वाऱ्यात जाई, अंगणात उभा राही. पण गाभाऱ्यात जाऊन विधी करण्यास त्याने नकार दिला. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. सैन्याची शिस्त निराळी, तेथे तुकडीची एकजूट हा जीवनमरणाचा विषय, हे न्यायालयांचे म्हणणे. तो निर्णय कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु महाविद्यालय म्हणजे छावणी नव्हे. तेथे माणूस आज्ञा पाळायला येत नाही, विचार करायला येतो. म्हणून छावणीचा नियम वर्गात आणता येत नाही. आणता आला तरी आणू नये.

मग आपल्या मुलाने काय करावे? येथे पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला दानीएलच्या ग्रंथातला. नबुखद्नेस्सर राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि त्याच्यापुढे दंडवत घालण्याची आज्ञा केली. तीन तरुण वाकले नाहीत. अग्नीच्या भट्टीत गेले. दुसरा प्रसंग नामान सेनापतीचा. अलीशा संदेष्ट्याने त्याचे कोड बरे केले आणि तो इस्राएलच्या देवाचा भक्त झाला. पण परतताना त्याने एक अडचण सांगितली: माझा राजा रिम्मोनच्या मंदिरात जातो, माझ्या हातावर भार देतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, याची मला क्षमा असावी. अलीशाने त्याला शांतीने जाण्यास सांगितले.

दोन्ही प्रसंगी वाकण्याचाच प्रश्न आहे, तरी उत्तरे निराळी आहेत. तिघांकडे जी मागणी होती ती उपासनेचीच होती, आणि ती त्यांची श्रद्धा मोडण्यासाठी होती. नामानकडे मागणी होती ती एका म्हाताऱ्या धन्याला आधार देण्याची. त्याची उपासना कोणाची, हे देवाला व त्याला ठाऊक होते. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी लिहिले, तेव्हा त्यानेही असाच विवेक मागितला: अन्नाने माणूस देवापासून दूर जात नाही, पण आपल्या वागण्याने दुर्बळ बंधूचे मन डळमळता कामा नये. यातून आपल्या मुलांना एक साधी ओळख मिळते. सोबत आणि उपासना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मित्राच्या आरतीच्या वेळी आदराने उभे राहणे, त्याच्या मंडपाची माळ बांधायला हात लावणे, ईदला गळाभेट घेणे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाणी वाटणे, ही सोबत आहे. जेथे आपल्याकडून श्रद्धेचाच उच्चार मागितला जातो, तेथे नम्रपणे थांबावे. थांबताना तोंड वाकडे करू नये, आणि मित्राच्या देवाविषयी एक शब्दही उणा काढू नये.

ख्रिस्तसभेने हीच वाट दाखवली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले. आणि त्याच वर्षी, धर्माच्या बाबतीत कोणावरही त्याच्या विवेकाविरुद्ध सक्ती होऊ नये, असेही सांगितले. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसी नगरात जगातील धर्मांच्या प्रतिनिधींना शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलावले. त्या दिवशी प्रत्येक धर्माच्या लोकांनी नगरात वेगवेगळ्या ठिकाणी आपापली प्रार्थना केली, आणि नंतर सर्व जण एका चौकात एकत्र आले. तेथेही एकाची प्रार्थना चालू असता इतर शांतपणे ऐकत राहिले. प्रार्थनेसाठी एकत्र यावे, पण प्रार्थनांची सरमिसळ करू नये, हा त्यामागचा विचार होता. महाविद्यालयाला याहून चांगला आदर्श सापडणे कठीण.

असिसीचा हा विचार आपल्या भाषेत मांडायचा तर ‘यजमान आणि पाहुणा’ असे म्हणता येईल. ज्याचा सण तो त्या दिवसाचा यजमान, बाकीचे पाहुणे. यजमानाने सण आपल्या पुऱ्या श्रद्धेने करावा, पातळ करू नये. आणि हा सण आपल्याला काय देतो ते पाहुण्यांना समजावून सांगावे. पाहुण्याने प्रेमाने यावे, बसावे, ऐकावे, जेवावे. मराठवाड्यातील कोणत्याही घरात पाहुण्याला ताटावरून उठवून पूजेला बसवत नाहीत. घरातली ही रीत महाविद्यालयात पाळली, तर निम्मे प्रश्न सुटतील. आणि यजमानपद फिरते असावे. वर्षातून एक दिवस का होईना, वसतिगृहातील त्या एकट्या ख्रिस्ती मुलाला नाताळचा तारा टांगू द्यावा आणि तो तारा कोणत्या वाटेने नेतो हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

येथवर आपण परभणीच्या वसतिगृहातील आपल्या मुलासाठी बोललो. आता आरसा उलट फिरवू. कॅथलिक संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात. तेथे यजमानपद कायम आपल्याकडे असते. तेथे सकाळच्या प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या मुलाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? एखाद्या मुसलमान मुलीने शुक्रवारी दुपारी अर्धा तास मागितला, तर तिला काय उत्तर मिळते? जी मोकळीक आपण आपल्या मुलासाठी मागतो ती आपल्या दारी दुसऱ्याच्या मुलाला देत नसू, तर आपली मागणी न्यायाची राहत नाही; ती केवळ सोयीची होते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, प्रातःसभेत घटनेची उद्देशिका म्हणावी, आणि शाळेच्या आवारात सर्वधर्म प्रार्थनालय उभारावे, असे त्यांत आहे. काही कुटुंबांना यात माघार वाटली. परंतु ज्या घराचा पाया पक्का असतो, त्याच घराला दार उघडे ठेवण्याची भीती वाटत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. उद्या परभणीच्या एखाद्या वसतिगृहात पाद्री येऊ लागला, तर धर्मांतराचा संशय येईल. मौलवी आला तर निराळा संशय येईल. हा संशय खोटा आहे असे म्हणून भागत नाही, कारण संशयाने होणारे नुकसान खरेच असते. म्हणून अशा सोबतीला कडक मर्यादा हवी. विद्यार्थ्याने बोलावले तरच जावे, प्राचार्यांना कळवून जावे, उघड्या खोलीत बसावे, आणि दुःखी माणसापुढे आपल्या धर्माचा प्रचार करू नये. दुःखात सापडलेल्या माणसाची संमती ही पुरी संमती नसते. मार्टिनने झगा दिला तेव्हा भिकाऱ्याकडून काही कबूल करून घेतले नाही, हे येथे आठवावे.

अशी सोबत का हवी, याचे उत्तर सणांत सापडत नाही. ते दुःखात सापडते. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटले, धरपकड झाली. आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका अटक झालेल्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. नाताळ दहा दिवसांवर होता. त्या आठवड्यात शहरातील वर्गांतून बौद्ध, हिंदू, मुसलमान मुले एकाच बाकावर बसत असतील. कोणी भ्यालेले, कोणी संतापलेले, कोणी नुसते गप्प. अशा वेळी कोणत्या कार्यक्रमपत्रकाचा उपयोग होतो? मराठवाड्यातील वसतिगृहांत दुसरेही एक दुःख येते. नापिकी आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली बापाने जीव दिल्याचा निरोप रात्री फोनवर येतो, आणि मुलगा पहाटेच्या गाडीची वाट पाहत खाटेवर बसून राहतो. त्या रात्री त्याच्याजवळ कोण बसते? सण साजरे करण्याची यंत्रणा आपण उभारली आहे. शोक पाळण्याची यंत्रणा आपल्याजवळ नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक स्वच्छ, शांत खोली, जिच्यात कोणतीही प्रतिमा नाही आणि सर्वांना आपापली प्रार्थना करता येते. सूचनाफलकावर चार-पाच नावे: गावातील भन्ते, मौलवी, धर्मगुरू, कीर्तनकार, आणि कोणत्याही धर्माशी नाते न सांगणारा एखादा प्रेमळ अध्यापक. परीक्षेच्या तारखा ठरवताना सर्व धर्मांच्या महत्त्वाच्या दिवसांवर एक नजर. खानावळीच्या वेळांत थोडी ढिलाई. आणि दर वर्षी जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना एकच वाक्य स्पष्टपणे सांगणे: येथे कोणालाही हात जोडण्याची सक्ती नाही, आणि जो जोडतो त्याची थट्टाही होणार नाही.

आपल्या धर्मग्रामांतील आईबापांनाही थोडे करण्यासारखे आहे. मूल शिकायला निघते तेव्हा आपण पेटी भरून देतो. जपमाळ देतो, लोणचे देतो. त्याबरोबर त्याला आपल्या श्रद्धेची कारणेही द्यावीत. ज्याला आपण का थांबतो हे ठाऊक नसते तो एक तर सगळीकडे वाकतो, नाही तर सगळ्यांशी भांडतो. ज्याला ते ठाऊक असते तो मित्राच्या सणात निर्भयपणे पाहुणा होतो आणि स्वतःच्या सणात उदारपणे यजमान. आणि खोलीतल्या मित्राला रात्री वाईट निरोप आला, तर प्राचार्य, समिती किंवा परिपत्रक यांची वाट न पाहता त्याच्या खाटेवर जाऊन बसावे, त्याला पाणी द्यावे, पहाटे गाडीपर्यंत पोचवावे, हेही त्याला घरीच शिकवावे. महाविद्यालयात चॅप्लेन नेमला जाईल तेव्हा जाईल. तोवर हे काम एखाद्या वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीलाही करता येते.